बायबल ‘जसेच्या तसे’ वाचणे म्हणजे नेमके काय?

बायबलच्या पहिल्याच पानावर एक अडचण उभी आहे. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव पहिल्या दिवशी प्रकाश निर्माण करतो आणि ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ अशी त्या दिवसाची नोंद होते; सूर्य आणि चंद्र मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतात. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशावरून ठरली? हा प्रश्न डार्विननंतरच्या शंकेखोरांनी काढला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तो तिसऱ्या शतकातच विचारला होता आणि त्याचे उत्तरही देऊन टाकले होते: सूर्य, चंद्र व तारे यांच्यावाचून दिवस उगवले आणि मावळले असे कोणी समंजस माणूस मानणार नाही, तेव्हा हा मजकूर घटनेच्या रूपात सांगितलेला गूढार्थ आहे. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी कॅपाडोशियातील बिशप संत बेसिल यांनी याच अध्यायावर प्रवचने दिली आणि जागोजागी रूपके शोधणाऱ्यांना सुनावले की, आपल्याला गवत म्हणजे गवतच समजते आणि मासा म्हणजे मासाच.

तेव्हापासून आजपर्यंत हा वाद चालू आहे. ‘बायबल शब्दशः घ्यायचे की प्रतीकात्मक’ अशी त्याची मांडणी सर्रास केली जाते, पण ती फारशी उपयोगाची नाही. देवाच्या ‘पंखांखाली’ आश्रय घेतो असे स्तोत्रकर्ता म्हणतो तेव्हा देवाला पिसे आहेत असे कोणताही ख्रिस्ती मनुष्य समजत नाही. आणि येशूला रोमन राज्यपाल पंतय पिलात याच्या काळात वधस्तंभावर खिळले, हे विधान जवळजवळ कोणीही निव्वळ प्रतीक मानत नाही. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक परंपरा कुठे ना कुठे रेघ ओढते. ती रेघ नेमकी कोठे ओढायची आणि ती ओढण्याचा अधिकार कोणाचा, ही यातली खरी गोम आहे.

बायबल हे एकच पुस्तक असल्यासारखे आपण बोलतो, पण ते ग्रंथांचे कपाट आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत ही संख्या 81 मानली जाते. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि थोडासा अरामी भाषेत आहे, नवा करार ग्रीकमध्ये. हे लेखन अनेक शतकांत झाले आणि त्यात वंशावळी, कायदे, राजांच्या कारकिर्दी, प्रेमकविता, म्हणी, शोकगीते, संदेष्ट्यांचे इशारे, दाखले, खासगी व सार्वजनिक पत्रे आणि जगाच्या अंताची दर्शने असे सगळे प्रकार आहेत. सिंहगडाचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा, एखादी बखर आणि पेशवे दप्तरातील हिशेबाचा कागद या तिन्ही गोष्टी मराठी वाचक एकाच डोळ्याने वाचत नाही. पोवाड्यातल्या आकड्यांवरून तो शाहिराला खोटे पाडायला जात नाही आणि हिशेबाच्या कागदात वीररस शोधत नाही. ही समज आपल्याला शिकवावी लागत नाही, कारण ते प्रकार आपल्यातच वाढले आहेत. दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या समाजाचे प्रकार ओळखताना मात्र ती उपजत समज साथ देत नाही, आणि मतभेदाला तेथून सुरुवात होते.

सर्वात सोपे उदाहरण ‘शास्ते’ या पुस्तकातले आहे. चौथ्या अध्यायातील गद्य कथेत याएल नावाची स्त्री गाढ झोपलेल्या सीसरा सेनापतीच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते. पाचव्या अध्यायात हाच प्रसंग दबोरेच्या विजयगीतात येतो, आणि तिथे सीसरा याएलच्या पायांशी वाकतो, पडतो, पुन्हा पडतो. झोपलेला माणूस पडेल कसा, असे विचारणे म्हणजे गीताला पंचनामा समजणे होय. हिब्रू काव्याची रीतच अशी की, एक चरण जे सांगतो तेच पुढचा चरण वेगळ्या शब्दांत सांगतो. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लोथ यांनी 1753 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांमुळे ही गोष्ट युरोपातील अभ्यासकांच्या ध्यानात नीट आली. पण दर वेळी प्रकरण इतके सरळ नसते. जखऱ्या संदेष्ट्याच्या काव्यात राजा गाढवावर, म्हणजे गाढवीच्या शिंगरावर, बसून येतो; अभ्यासकांच्या मते हे एकाच जनावराचे दुहेरी वर्णन आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात, येशू एका शिंगरावर बसून यरुशलेमेत येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरे आणली जातात. मत्तयाला काव्याची रीत कळली नाही असे काही म्हणतात. त्याला ती पुरेपूर ठाऊक होती, पण भविष्यवाणीचा शब्द न् शब्द पुरा झाला हे त्याला दाखवायचे होते, असे दुसरे म्हणतात. आणि शिंगराबरोबर त्याची आई असणारच, मग अडचण कसली, असे तिसरे विचारतात. तिघेही एकाच चर्चमध्ये शेजारी बसणारे असू शकतात.

प्राचीन चर्चमध्ये दोन शहरांची नावे या बाबतीत नेहमी जोडीने घेतली जातात. अलेक्झांड्रियात रूपकार्थाची परंपरा बळकट होती. अंत्युखियात डायोडोर, मॉप्सुएस्तियाचे थिओडोर आणि जॉन क्रिसोस्टम यांनी इतिहास व संदर्भ यांवर भर दिला. हा भेद पाठ्यपुस्तकांत जितका ठळक दिसतो तितका तो प्रत्यक्षात नव्हता. रूपकार्थाचा मोह कुठवर नेतो हे पाहायचे असेल तर लुटल्या गेलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे परक्या समाजातील माणसाच्या, दाखल्यावरचे संत ऑगस्टीन यांचे विवेचन वाचावे. त्यांच्या मते लुटला गेलेला वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे खुद्द ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे चर्च आणि तिचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला येशूने दिलेले साधे आणि बोचरे उत्तर या सजावटीत जवळजवळ बुजून जाते.

आणि तरीही याच ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा ‘अक्षरार्थ’ सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ते पोचतात कुठे, तर सर्व सृष्टी देवाने एकाच क्षणी निर्माण केली आणि सहा दिवस म्हणजे घड्याळी काळ नव्हे, या निष्कर्षापाशी. म्हणजे आज ज्याला आपण सर्रास ‘शब्दशः नसलेले’ वाचन म्हणू, तेच त्यांना अक्षरार्थ वाटत होते. त्याच ग्रंथात त्यांनी एक इशाराही दिला आहे: आकाश, तारे, प्राणी यांविषयी अख्रिस्ती लोकांनाही अनुभवाने व तर्काने बरेच काही ठाऊक असते, बायबलचा हवाला देत एखादा ख्रिस्ती मनुष्य त्यांच्यासमोर या विषयांवर भलतेच बोलू लागला, तर पुनरुत्थानासारख्या गोष्टींत ते त्या ग्रंथावर विश्वास कसा ठेवतील?

मध्ययुगात प्रत्येक वचनाला चार अर्थ असतात अशी शिकवण रूढ झाली: घडलेली गोष्ट सांगणारा, ख्रिस्त व चर्च यांकडे बोट दाखवणारा, आचरण शिकवणारा आणि अंतिम आशेविषयीचा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी या इमारतीचा पाया निश्चित केला. बाकीचे सर्व अर्थ अक्षरार्थावर उभे राहतात आणि युक्तिवाद करायचा तर तो अक्षरार्थावरूनच करता येतो, असे त्यांनी ठामपणे लिहिले. पण रूपकाचा अभिप्रेत अर्थ हाच त्या वचनाचा अक्षरार्थ होय, हेही त्यांनी सांगितले. ‘देवाचा बाहू’ या शब्दांचा अक्षरार्थ देवाला हात आहे असा नसून त्याचे कार्यसामर्थ्य असा आहे. ही सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट आजच्या बहुतेक वादांत हरवलेली दिसते.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी चार अर्थांचा हा पसारा बाजूला सारून साध्या, व्याकरणाला धरून असलेल्या अर्थावर भर दिला आणि श्रद्धेच्या बाबतीत पवित्र शास्त्र हेच अंतिम प्रमाण ठरवले. शास्त्र स्वतः स्पष्ट आहे, ते स्वतःच स्वतःचा अर्थ लावते, असा विश्वास त्यामागे होता. त्याची पहिली कसोटी 1529 च्या ऑक्टोबरात जर्मनीतील मारबुर्ग येथे लागली. हेस या जर्मन संस्थानाचा शासक फिलिप याला सुधारणावादी गटांची एकजूट हवी होती, म्हणून त्याने ल्यूथर आणि झ्युरिकचे उल्रिख झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवले. पंधरा कलमांपैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले. पंधराव्यातील एका मुद्द्यावर बोलणी तुटली, आणि तो मुद्दा होता शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हातात घेऊन उच्चारलेल्या ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्याचा.

ल्यूथर यांनी खडूने मेजावर हे वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते आणि ते त्यावरून हलायला तयार नव्हते. देवाने ‘आहे’ म्हटले तर आहे. ते कसे, हे विचारणारे आपण कोण? झ्विंग्ली यांचे म्हणणे असे की, येशूच ‘मी द्वार आहे’, ‘मी खरा द्राक्षवेल आहे’ असेही म्हणतो, आणि तिथे आपण सर्वजण ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवतो’ असाच घेतो. शिवाय योहानाच्या सहाव्या अध्यायात ‘देहापासून काही लाभ होत नाही’ असे त्याने स्वतःच सांगितले आहे. दोघेही विद्वान होते, दोघेही मूळ ग्रीक जाणत होते, पोपचा अधिकार दोघांनीही झुगारला होता आणि दोघेही शास्त्राच्या साध्या अर्थाचा आग्रह धरत होते. तरीही एक शब्द कोणत्या जातीचा, सरळ विधानाचा की अलंकाराचा, यावर ते वेगळे झाले, आणि लुथरन व रिफॉर्म्ड या दोन परंपरा आजही वेगवेगळ्या नांदत आहेत.

या प्रसंगावर मी रेंगाळलो, कारण ‘परंपरावादी शब्दशः वाचतात आणि उदारमतवादी रूपक मानतात’ हा ढोबळ समज येथे उलटापालटा होतो. उत्पत्तीचे सहा दिवस 24 तासांचेच होते असे आग्रहाने सांगणारे अनेक बाप्टिस्ट व स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक प्रभुभोजनाच्या भाकरीला स्मरणचिन्ह मानतात, म्हणजे ‘हे माझे शरीर आहे’ हे वाक्य ते अलंकारिक घेतात. याउलट, सहा दिवसांविषयी मोकळीक देणारे कॅथलिक चर्च मिस्सा या उपासनेतील भाकर खरोखरच ख्रिस्ताचे शरीर होते असे शिकवते. 1215 च्या लॅटरन धर्मसभेने आणि पुढे ट्रेंट धर्मसभेने तसे ठरवून दिले आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात ‘माझे मांस खा’ हे ऐकून पुष्कळ शिष्य निघून गेले आणि येशूने त्यांना ‘मी उपमेने बोललो’ असे सांगून परत बोलावले नाही, याकडे कॅथलिक लेखक नेहमी लक्ष वेधतात. कोणत्या वचनावर उपासना आणि जीवन उभे आहे, त्यावर ते वचन किती घट्ट धरायचे हे पुष्कळदा ठरते, असे माझे निरीक्षण आहे.

मारबुर्गने अधिकाराचा प्रश्नही उघडा पाडला. दोन प्रामाणिक वाचक भांडले तर निवाडा कोणी करायचा? ट्रेंट धर्मसभेने 1546 मध्ये उत्तर दिले की, शास्त्राचा खरा अर्थ ठरवणे हे चर्चचे काम आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उत्तर याच्या जवळचे, पण थोडे वेगळे आहे: प्राचीन धर्मपित्यांचे लेखन, धर्मसभा आणि चालत आलेली उपासना यांच्या आतच शास्त्र वाचायचे. प्रॉटेस्टंटांनी मूळ भाषा, व्याकरण आणि वाचणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी यांवर भिस्त ठेवली. अर्थात अधिकार एकाच ठिकाणी असला म्हणजे चूक टळते असे नाही. सूर्याला स्थिर राहण्याची आज्ञा देणारा यहोशवाचा प्रसंग गॅलिलिओविरुद्ध वापरला गेला आणि 1633 मध्ये त्याला शिक्षा झाली. तो प्रसंग काव्यातील उद्धरणाभोवती गुंफलेला आहे, हे त्या वेळी कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकात तीन बाजूंनी दबाव आला. भूगर्भशास्त्राने पृथ्वीचे वय अफाट वाढवले. डार्विनचा ग्रंथ 1859 मध्ये आला. आणि 1872 च्या डिसेंबरात लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने प्राचीन निनवे शहराच्या अवशेषांतील मातीच्या एका विटेवरचा मजकूर वाचून दाखवला, ज्यात महापूर, नाव आणि बाहेर सोडलेले पक्षी होते. नोहाच्या कथेला बाबिलोनमध्ये भावंडे आहेत हे कळल्यावर उत्पत्तीचे पहिले अध्याय कोणत्या साहित्यप्रकारात मोडतात हा प्रश्न टाळता येईना. हर्मान गुंकेल यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकांनी प्रत्येक उताऱ्याचा प्रकार कोणता आणि तो लोकजीवनात कोठे वापरला जाई, हे शोधण्याची पद्धतच घालून दिली. पहिल्या अध्यायाची बांधणीही नव्याने नजरेत भरली: पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश व जल, आणि कोरडी भूमी अशी दालने तयार होतात, तर पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ज्योती, पक्षी व मासे, आणि पशू व मनुष्य हे रहिवासी येतात. आजचे अनेक श्रद्धाळू अभ्यासक या रचनेवरून असे मानतात की, लेखकाला कालक्रम सांगायचा नव्हता; सृष्टीतील सुव्यवस्था आणि सूर्य-चंद्र हे देव नसून निर्मिलेले दिवे आहेत, हे त्याला सांगायचे होते. दुसऱ्या अध्यायात मनुष्य आधी आणि झाडे व प्राणी नंतर असा क्रम येतो, हाही त्यांचा पुरावा असतो.

याची प्रतिक्रिया अमेरिकेत उमटली, पण ती आपण समजतो तशी एकसुरी नव्हती. बायबल निर्दोष आहे या सिद्धांताचे सर्वात समर्थ पुरस्कर्ते, प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड, यांना पृथ्वी फार जुनी असण्यात काही अडचण दिसत नव्हती. टेनेसीतील डेटन गावी 1925 च्या जुलैमध्ये उत्क्रांती शिकवण्यावरून गाजलेला खटला झाला. त्यात बायबलची बाजू घेणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. बायबलमधील सर्व काही शब्दशः घ्यावे का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की, ते जसे दिले आहे तसे घ्यावे आणि काही भाग दृष्टांतरूपाने दिला आहे: ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ यावरून माणूस खरोखर मिठाचा आहे असे आपण म्हणणार नाही. सहा दिवस 24 तासांचेच असले पाहिजेत असा आग्रहही त्यांनी धरला नाही. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे आणि खडकांचे थर नोहाच्या महापुराने झाले, हे मत अमेरिकी इव्हँजेलिकल वर्तुळात सर्वदूर पसरले ते प्रामुख्याने 1961 नंतर, व्हिटकोम आणि मॉरिस या दोघांच्या महापुरावरील पुस्तकामुळे.

त्या काळात कॅथलिक चर्च दुसऱ्या दिशेने सरकत होते. पोप बारावे पायस यांनी 1943 मध्ये परिपत्रक काढून अभ्यासकांना प्राचीन पूर्वेकडील लेखनपद्धती तपासण्यास सांगितले. पुढे 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने शिकवले की, सत्य हे इतिहास, भविष्यवाणी आणि काव्य यांत वेगवेगळ्या रीतीने प्रकट होते, म्हणून लेखकाचा हेतू समजण्यासाठी साहित्यप्रकार पाहिलाच पाहिजे. मौज अशी की, 1978 मध्ये अमेरिकेतील पुराणमतवादी प्रॉटेस्टंटांनी बायबलच्या निर्दोषत्वाविषयी जे शिकागो निवेदन काढले, त्यातही साहित्यप्रकारांचा विचार करावा असे स्पष्ट म्हटले आहे. अतिशयोक्ती आणि ढोबळ आकडे या चुका धरू नयेत, असेही त्यात आहे. तत्त्वापुरते मग भांडण उरत नाही. ते उरते प्रत्यक्ष उताऱ्यापाशी.

योनाचे चार अध्यायांचे पुस्तक घ्या. मोठ्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्याची ही कथा इतिहास मानणारे येशूच्या शब्दांचा आधार घेतात: योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता तसा मनुष्याचा पुत्र भूमीच्या पोटात राहील, असे तो म्हणाला, न घडलेल्या गोष्टीशी त्याने स्वतःची तुलना केली असती काय? दुसरी बाजू पुस्तकाच्या तऱ्हेकडे पाहते. निनवे ओलांडायला तीन दिवस लागतात, गुराढोरांनाही गोणपाट नेसवून उपास घडवला जातो, संदेष्टा स्वतःच्या यशावर रुसून बसतो आणि पुस्तक देवाच्या एका प्रश्नावर एकाएकी थांबते. हे उपहासगर्भ बोधकथेचे वळण आहे, असे त्यांना दिसते. आणि प्रवचनात कथेचा दाखला देणे म्हणजे ती घडली अशी ग्वाही देणे नव्हे, असे त्यांचे उत्तर आहे. माझ्या मते माशाच्या घशाच्या आकारावर दोन्हीकडून खर्च झालेली शाई त्या शेवटच्या प्रश्नावर खर्च व्हायला हवी होती.

‘प्रकटीकरण’ हे शेवटचे पुस्तक तर मतभेदांचे माहेरघरच. सात डोक्यांचे श्वापद, 666 हा अंक, हजार वर्षांचे राज्य, हे सर्व कूटदर्शनाच्या प्रकारात आहे, आणि छळाच्या काळात यहुदी व ख्रिस्ती लोक त्या प्रकारात लिहीत असत. सात डोकी म्हणजे सात टेकड्या असे मजकूरच सांगतो आणि रोम सात टेकड्यांवर वसले होते. नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या तर बेरीज 666 येते, आणि त्याच नावाचे एक अक्षर कमी केले तर 616, जो आकडा काही जुन्या हस्तलिखितांत आढळतो. त्यामुळे एका मते पुस्तकाचा बराचसा भाग पहिल्या शतकातच घडून गेला. दुसऱ्या मते तो सर्व चर्च-इतिहासाचा आराखडा आहे, तिसऱ्या मते भविष्यात घडणाऱ्या घटनांचा, तर चौथ्या मते चांगले आणि वाईट यांच्यातील सततच्या झगड्याचे ते चित्र आहे. हजार वर्षांचे राज्य म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून चालू असलेला चर्चचा काळ, हे ऑगस्टीन यांचे मत कॅथलिक आणि बहुसंख्य जुन्या प्रॉटेस्टंट परंपरांत टिकले. ख्रिस्त परत येऊन पृथ्वीवर अक्षरशः हजार वर्षे राज्य करील, हे मत जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीमुळे आणि 1909 च्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे इंग्रजी जगात फोफावले, आणि मिशन व पुस्तके यांच्या मार्गाने भारतातील मंडळ्यांतही पोचले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक केल्व्हिन यांनी नव्या करारातील बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिले, या पुस्तकावर लिहिले नाही, आणि बायझंटाईन परंपरेच्या उपासनेत त्याचे वाचनच नेमलेले नाही. या मौनालाही एक शहाणपण आहे.

पत्रांचा प्रकार साधा वाटतो, पण रोजच्या जगण्याला तोच अधिक भिडतो. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिले की, प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक झाकावे, आणि पुढे असेही की, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे. महाराष्ट्रातील अनेक मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी बायका आजही डोक्यावर पदर घेतात, पण त्याच मंडळ्यांत त्या साक्ष देतात आणि गाणीही सांगतात. एक आज्ञा कायमची आणि दुसरी त्या गावापुरती, असा निवाडा तेथे मुकाट्याने झालेला असतो. दुसऱ्यांना लिहिलेले पत्र आपल्याला किती लागू, हा साहित्यप्रकाराचाच प्रश्न आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण चर्चचे प्रत्येक मत केवळ अधिकारवाणीने स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. त्यावरून त्यांच्या धर्ममातेशी झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाले. त्याआधी तीनशे वर्षे, 1616 मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीबद्ध पुराणाच्या रूपात छापली होती. तिथे पत्रे आणि कायदे मागे सरतात आणि कथा पुढे येते, कारण पुराण हा ऐकण्याचा प्रकार आहे. एका परंपरेने मराठी माणसाला बायबल ऐकवले, दुसरीने त्याच्या हाती दिले. अर्थ कोणी लावायचा याविषयीची दोघांची समज या निवडीतच दिसते.

साहित्यप्रकाराची सवलत कुठवर द्यायची, हा आज सर्वात नाजूक प्रश्न आहे. आदाम हा एक ऐतिहासिक पुरुष नसेल तर पौलाच्या रोमकरांस पत्रातील आदाम व ख्रिस्त यांच्या तुलनेचे काय, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्हीकडे खल चालू आहे. पुनरुत्थानाच्या बाबतीत पौलाची भाषा कसलीच पळवाट ठेवत नाही: पाचशेहून अधिक बांधवांना ख्रिस्त दिसला, त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, आणि तो उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. पण मत्तयाच्या 27 व्या अध्यायात, येशू मरण पावताच कबरी उघडल्या आणि पुष्कळ पवित्र जन उठून नगरात लोकांना दिसले, अशी दोन वचने आहेत, जी दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानात नाहीत. अमेरिकी अभ्यासक मायकल लायकोना यांनी 2010 मध्ये येशूचे शारीरिक पुनरुत्थान ही इतिहासातील घटना आहे असे सिद्ध करू पाहणारा जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि त्यात या दोन वचनांपुरते असे सुचवले की, ती कूटदर्शनाच्या धाटणीचे काव्यात्म चित्रण असावीत. शिकागो निवेदनाच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या नॉर्मन गाइस्लर यांनी 2011 मध्ये उघड पत्रे लिहून हे मत मागे घेण्याची मागणी केली. कथनात घटना म्हणून आलेली गोष्ट साहित्यप्रकाराच्या नावाखाली घटना नव्हे असे ठरवणे म्हणजे निर्दोषत्व नाकारणे, असे गाइस्लर यांचे म्हणणे होते. लेखकाने जे घटना म्हणून सांगितलेलेच नाही ते घडले नाही असे म्हटल्याने त्याच्या मजकुरात चूक निघत नाही, असे लायकोना यांचे उत्तर होते. दोघेही बायबल निर्दोष मानत होते, येशूची कबर रिकामी होती यावर दोघांचाही विश्वास होता, आणि दोघेही आपण मत्तयाला जसेच्या तसे वाचतो असेच सांगत होते.